बोलण्याची लय आणि मेंदूच्या लहरी



चिंचवडास माझ्या घरासमोर एक सेवानिवृत्त कामगार राहतात. पत्रा दाबून त्यास आकार देणाऱ्या यंत्रापाशीं त्यांनीं जवळजवळ तीस वर्षें काढलीं. पहिलीं कांहीं वर्षें भोसरीस आणि पुढचीं चाकणला. परवां संध्याकाळीं ओट्यावर बसून मी त्यांना वर्तमानपत्रांतील एक बातमी सांगत होतों. दोन-तीन वाक्यें झालीं असतील-नसतील, तों त्यांनीं हात वर केला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकूं येतोय. शब्द तेवढे कळत नाहींत." मीं आवाज चढवून तीच बातमी पुन्हां सांगितली. ते हंसून म्हणाले, "आवाज मोठा झाला. शब्द तिथंच राहिले."

त्यांच्या या वाक्यानें मला आजच्या भाषणाचा विषय दिला. ध्वनि कानांवर पडणें ही एक गोष्ट आणि त्या ध्वनीचा बोध होणें ही दुसरी. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी एक पूल आहे, आणि तो बराचसा लयीचा बांधलेला आहे, असें गेल्या शंभर वर्षांतील, विशेषतः गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन सांगूं लागलें आहे. त्या संशोधनाची हकीकत मला सांगावयाची आहे. परंतु ती जर्मनींतून सुरू न करतां घरापासून सुरू करतों. लयीवांचून बोलणें नीट समजत नाहीं, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

उच्चारशास्त्राला आपल्या पूर्वजांनीं वेदांगांत स्थान दिलें व त्यास शिक्षा हें नांव ठेवलें. या शब्दाला छडीचा वास लागला तो मागाहून. पाणिनीनें ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरांचे तीन भेद सांगतांना नमुन्यादाखल उकार घेतला. कोंबड्याच्या आरवण्यांत हीं तीनही मापें एकापुढें एक ऐकूं येतात म्हणून तो घेतला, असें टीकाकार म्हणतात. पाणिनीय शिक्षेंत तर पशुपक्ष्यांचें घड्याळच लावून दिलें आहे. चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. सेकंद मोजणारें यंत्र नव्हतें त्या काळीं इतकें बारीक माप कानानें ठरविण्याचा हा खटाटोप कां? अक्षराचा काळ चुकला कीं अर्थ चुकतो, हें त्यांना ठाऊक होतें म्हणून. 'दिन' आणि 'दीन' यांत अंतर आहे तें काळाचेंच.

त्याच ग्रंथांत चांगल्या पाठकाचे सहा गुण सांगितले आहेत: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची नीट तोड, चांगला स्वर, धैर्य आणि सहावा लयसामर्थ्य. अधम पाठकही सहा प्रकारचे सांगितले आहेत, व त्यांत गाऊन म्हणणारा, घाई करणारा व मान डोलावणारा यांच्या जोडीस लिहिलेलें वाचून दाखविणारा बसविला आहे. मी या क्षणीं कागद हातांत धरूनच बोलत आहें. तेव्हां माझा वर्ग श्रोत्यांनीं ओळखलाच असेल.

परंतु मला सर्वांत मोलाचें वाटतें तें वेगासंबंधींचें वचन. स्वतःच्या अभ्यासाकरितां जलद म्हणावें, प्रयोगांत मध्यम गतीनें म्हणावें आणि शिष्यांना शिकवितांना विलंबित गतीनें म्हणावें. माझी छत्तीस वर्षें शिक्षकी पेशांत गेलीं. हें वचन मला पाठ होतें आणि तरीही तें मीं पाळलें नाहीं. त्याची हकीकत पुढें येईल.

आतां आमच्या भागाकडे वळूं. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा किल्ला लढविला, हें शाळेंतील कोणतेंही पोर सांगेल. पण त्याच चाकणच्या भोंवतालीं खेड आणि मावळ तालुक्यांत घरोघरीं पहांटे जीं जातीं फिरत, त्यांचा इतिहास मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हता. तो गोळा करण्याचें काम गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ आणि हेमा राईरकर यांनीं हातीं घेतलें. मावळ-मुळशीच्या डोंगरी गांवांतून सुरू झालेला हा संग्रह एक लाख ओव्यांच्या पलीकडे गेला. बर्नार बेल या संगीताच्या अभ्यासकानें त्यांतील पुष्कळ ओव्या प्रत्यक्ष आवाजांत टिपून ठेवल्या, आणि २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें तो संग्रह लोकांपुढें मांडावयास आरंभ केला. गांवोगांव विजेच्या गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. तीं गेलीं तेव्हां ओवीचा ताल धरणारें वाद्यच गेलें, हें आपल्या ध्यानांत आलें नाहीं.

जात्यावरची ओवी अक्षरें मोजून पाहिली तर ओबडधोबड वाटते. एका ओळींत अक्षरें कमी, दुसरींत जास्त. परंतु खुंट्याला हात घालून बसलेली बाई ती म्हणूं लागली, कीं कोठें एखादा स्वर लांबतो, कोठें 'बाई', कोठें 'ग' असा भरणा पडतो, आणि ओळ दगडाच्या फेऱ्यांत नेमकी बसते. समोर बसलेली दुसरी बाई त्या घरघरींतही प्रत्येक शब्द उचलते व पुढची ओळ धरते. दगडावर दगड फिरत असतां शब्द कळतो, हें थोडें नव्हे. माझी आजी जात्यावर बसली कीं मी शेजारीं वाकळेंत असें. मला जात्याचा आवाज आठवत नाहीं, ओव्या आठवतात.

ज्ञानदेवांनीं हीच ओवी उचलली आणि शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, तिच्यांत गीतेचा अर्थ सांगितला. १२९६ सालीं त्यांनीं आळंदीस समाधि घेतली. तेथून चार-पांच कोसांवरच्या देहूस तीनशें वर्षांनंतर तुकोबांनीं अभंगाला घरोघरीं नेलें. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशीं अक्षरें असतात. शेवटचा तुकडा दोन अक्षरांनीं आंखूड. तेथें टाळकऱ्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ सांठविण्यास उसंत मिळते. माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांनीं 'छंदोरचना' लिहून मराठी पद्याच्या लयीचें शास्त्र बसविलें व त्याबद्दल १९३८ सालीं मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. मिळविली. पद्याचें शास्त्र झालें. रोजच्या गद्य बोलण्यालाही कांहीं ठेका आहे काय, आणि असल्यास ऐकणाऱ्याच्या डोक्यांत त्याला प्रतिसाद कोण देतो, हा प्रश्न त्या वेळीं आपल्याकडे निघाला नाहीं. निघूं शकत नव्हता. त्याचें उत्तर देणारें साधन तेव्हां नुकतेंच जन्मास येत होतें.

त्या साधनाची जन्मकथा चमत्कारिक आहे. प्राण्यांच्या मेंदूंत वीज खेळते हें लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनीं १८७५ सालींच दाखविलें होतें. माणसाच्या मेंदूकडे वळले ते हान्स बर्गर. तरुणपणीं सैन्यांत असतांना हे घोड्यावरून तोफेच्या गाड्यापुढें पडले व थोडक्यांत वांचले. त्याच दिवशीं दूर घरीं असलेल्या त्यांच्या बहिणीला विनाकारण धास्ती वाटूं लागली, आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनीं खुशालीची तार केली. आपलें भय बहिणीच्या मनास पोंचलें, अशी बर्गर यांची खात्री झाली. गणित आणि ज्योतिष सोडून ते वैद्यकाकडे वळले व मनाची शक्ति मेंदूंतून बाहेर कशी पडते तें शोधीत बसले. तें त्यांना कधींच सांपडलें नाहीं. सांपडलें तें निराळेंच.

येना शहरीं ६ जुलै १९२४ रोजीं त्यांनीं एका रोग्याच्या मेंदूंतील विजेच्या हेलकाव्यांची पहिली नोंद घेतली. हेलकावे किती सूक्ष्म? एका व्होल्टचे वीस हजार भाग करावेत, त्यांतील एक भाग. बर्गर यांचा स्वतःवर विश्वास बसेना. पुढें पांच वर्षें ते रोग्यांवर, स्वतःच्या मुलावर प्रयोग करीत राहिले आणि १९२९ सालीं त्यांनीं पहिला निबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूंत सेकंदास सुमारें दहा लहरी उठतात, आणि डोळे उघडतांच किंवा मन कामाला लागतांच त्या मावळतात, असें त्यांनीं दाखविलें. पुष्कळांनीं हंसण्यावारी नेलें. शेवटीं १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनीं तोच प्रयोग करून बर्गर यांचें म्हणणें खरें ठरविलें. एड्रियन यांना त्यापूर्वीं दोन वर्षें नोबेल पारितोषिक मिळालें होतें, त्यामुळें जगाला ऐकणें भाग पडलें. बर्गर यांनीं १९४१ सालीं आत्महत्या केली. नाझी राजवटींत सक्तीच्या निर्बीजीकरणाचे निकाल देणाऱ्या न्यायमंडळांत त्यांनीं काम केल्याचें पुढें उघडकीस आलें आहे. तेव्हां त्यांचा गौरव करतांना ही बाजूही सांगितली पाहिजे.

या लहरींचे पुढें वेगानुसार वर्ग पडले. आपल्या विषयाला दोन पुरेत: सेकंदास चार ते आठ वेळां उठणारी थीटा आणि त्याहून संथ अशी डेल्टा. झोंप, अपस्मार, मेंदूंतील गांठी यांच्या निदानासाठीं त्यांचा उपयोग लवकर होऊं लागला. बोलणें समजण्याशीं त्यांचा संबंध जोडला जाण्यास मात्र विसावें शतक संपावें लागलें.

येथें बोलण्याचा एक गुण ध्यानांत घेतला पाहिजे. आपण बोलतों तेव्हां आवाज सारखा वाहत नाहीं; तोंड उघडतें, मिटतें, आणि आवाज चढतो, उतरतो. एकेका अक्षरागणिक एकेक उंचवटा. अक्षर म्हणजे येथें लिपींतील चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोंवतीं गुंफलेला उच्चाराचा घास. 'राम' लिहावयास दोन अक्षरें लागतात, पण बोलतांना घास एकच. असे उंचवटे सेकंदास साधारण चार-पांच पडतात, आणि निरनिराळ्या भाषा तपासल्या तरी हें प्रमाण फारसें हलत नाहीं. चार-पांच, म्हणजे थीटा लहरींच्या घरांतलेंच माप. हा योगायोग आहे काय, असा प्रश्न संशोधकांना पडला.

२००१ सालीं एहूद अहिसार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वाक्यें यंत्रानें दाबून अधिकाधिक जलद केलीं व ऐकणाऱ्यांच्या मेंदूची नोंद घेतली. मेंदूची लय बोलण्याच्या चढउतारापाठोपाठ जात राहिली तोंपर्यंत वाक्यें कळलीं. ती मागें पडली तेव्हां अर्थही मागें पडला. २००७ सालीं हुआन लुओ आणि डेव्हिड पॉपेल यांनीं दाखविलें कीं, एकच वाक्य पुन्हां पुन्हां ऐकविलें तर थीटा लहरींची चाल प्रत्येक वेळीं तशीच पडते, आणि दुसरें वाक्य ऐकविलें तर ती बदलते. जणू वाक्यानें मेंदूवर आपला ठसा उठविला.

२००९ सालचा ओडेड घित्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांचा प्रयोग मीं प्रथम वाचला तेव्हां पुस्तक खालीं ठेवून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. त्यांनीं बोलणें तिप्पट जलद केलें. ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून अधिक शब्द चुकूं लागले. मग तेंच जलद बोलणें त्यांनीं बारीक तुकड्यांत तोडलें आणि तुकड्यातुकड्यांमध्यें नुसती शांतता घातली. बोलणें हळू केलें नाहीं, आवाज वाढविला नाहीं, एक अक्षरही जास्त दिलें नाहीं. सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडी कमी इतकीच ती शांतता. तेवढ्यानें चुका पुष्कळच कमी झाल्या. मेंदूला माहिती हवी होती तशीच ती पोंचविण्याचा ठेकाही हवा होता.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. बाप बिहारमधून येऊन चाकणकडील एका कारखान्यांत लागलेला. घरीं भोजपुरी, गल्लींत हिंदी, शाळेंत मराठी. श्रुतलेखनांत तो शब्दांची माळ एकमेकींत गुंतवी. एका शब्दाचें शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला. मी घाईनें सांगत असें, कारण पंचेचाळीस मुलें आणि पस्तीस मिनिटें. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत माझ्या हातानें 'मंद' असें लिहिलें. पुढें एके दिवशीं पाढ्यांच्या वेळीं माझें लक्ष त्याच्याकडे गेलें. तेविसाचा पाढा तो सर्वांच्या पुढें, खणखणीत, एकही तोड न चुकवितां म्हणत होता. कविताही तशीच. चाल असेल तेथें त्याला मराठी पूर्ण कळे. चाल काढून घेतली कीं शब्द कोठें संपतो तें सांपडत नसे. त्या दिवसापासून मीं श्रुतलेखनांत पदापदाला थांबावयास सुरुवात केली. तीन महिन्यांत त्याची वही बदलली. वहींतील अक्षर तेंच होतें; बदललों होतों मी. परंतु प्रगतिपुस्तकांतील तो शब्द शाईचा होता आणि तें पुस्तक वर्षअखेरीस त्याच्या घरीं गेलें होतें. शिष्यांना विलंबित गतीनें सांगावें, हें वचन पाठ असलेल्या मास्तराची ही गोष्ट आहे. केंब्रिज येथील उषा गोस्वामी यांनीं वाचनांत अडखळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून असें मत मांडलें आहे कीं, त्यांतील पुष्कळांना अक्षराच्या आवाजाचा चढ नीट टिपतां येत नाहीं. त्या मुलाची अडचण तीच होती असें मी म्हणत नाहीं. त्याला भाषाच परकी होती. पण मला ती बुद्धीची वाटली, हें खरें.

२०१६ सालीं नाइ डिंग, पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. चिनी भाषेंतील एकाक्षरी शब्द त्यांनीं सेकंदास चार या ठोक्यानें, मध्यें कोठेंही विराम किंवा हेल न ठेवतां ऐकविले. दोन शब्दांचा एक पदसमूह आणि चार शब्दांचें एक वाक्य होई. चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूंत तीन ठेके एकाच वेळीं दिसले: चारांचा शब्दांना, दोहोंचा पदसमूहांना आणि एकाचा वाक्याला. चिनी न जाणणाऱ्यांच्या मेंदूंत चारांचा तेवढा दिसला. दोन आणि एकचे ठेके आवाजांत नव्हतेच; ते समजणाऱ्यानें आपल्या पदरचे घातले होते. पांचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीनें 'वाक्यपदीया'त म्हटलें होतें कीं, वाक्य हें अखंड असतें, आणि एकामागून एक ध्वनि बुद्धीला पक्व करीत जातात व शेवटच्या ध्वनीसरशीं अर्थ उजळतो. भर्तृहरीला मेंदूच्या लहरी ठाऊक होत्या असें म्हणणें बाष्कळपणाचें होईल, आणि हल्लीं तसें म्हणणारे पुष्कळ निघतात म्हणून हें बजावून सांगतों. त्यानें प्रश्न मात्र नेमका विचारला होता.

या सर्व संशोधनांत एक वाद अद्याप मिटलेला नाहीं. मेंदूची लय ही मूळचीच चालू असते आणि बोलणें तिला आपल्या बाजूस ओढून घेतें, कीं प्रत्येक अक्षराच्या धक्क्यासरशीं मेंदू केवळ प्रतिसाद देतो? पहिलें खरें असेल तर मेंदू हा हलत्या झोपाळ्यासारखा. योग्य वेळीं हात लागला कीं झोका वाढतो. दुसरें खरें असेल तर तो दारावरच्या कडीसारखा; थाप पडली कीं वाजते, नाहीं तर गप्प. दोन्हीं बाजूंस जाणते लोक आहेत. मला झोपाळा पटतो, पण माझ्या पटण्याला शास्त्रांत किंमत नाहीं.

आतां पुन्हां समोरच्या गृहस्थांकडे. सततच्या गोंगाटानें कानाच्या आंतील शंखांत असलेल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हां उगवत नाहींत. आधीं जातात त्या बारीक, उंच स्वराच्या. स्वरवर्ण खर्जांतले असल्यामुळें ऐकूं येत राहतात. स, श, ट, क यांसारख्या व्यंजनांच्या कडा मात्र बोथट होतात. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाहीं. १९४८ च्या कारखाना कायद्यांत ज्या रोगांची खबर देणें बंधनकारक होतें, त्यांच्या यादींत गोंगाटामुळें येणारें बहिरेपण पुढें समाविष्ट झालें होतें. पण हा रोग दुखत नाहीं, रक्त काढीत नाहीं, त्यामुळें खबर देणार कोण? त्यांतून भोंवतीं पंखा, रस्ता, दूरदर्शन यांचा कल्ला असला, कीं दोन अक्षरांमधील उतार त्या कल्ल्यानें भरून निघतात. चढउतार सपाट झाला म्हणजे मेंदूला धरावयास ठेका उरत नाहीं. मीं ओरडून काय साधलें? उंचवट्याबरोबर दऱ्याही भरल्या.

उपाय त्यांनीं स्वतःच शोधला होता. यंत्रापाशीं कामगार एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलत, असें ते सांगतात. २००९ सालच्या एका अभ्यासांत आढळलें कीं, बोलतांना तोंडाची उघडझांप सेकंदास दोन ते सात वेळां होते, आणि ती आवाजाच्या क्षणभर आधीं होते. डोळा कानाला आगाऊ वर्दी देतो. २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनीं दोन माणसें एकदम बोलत असतां रोग्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून नोंद घेतली. ज्याच्याकडे लक्ष असे त्याचेंच बोलणें नोंदींत उमटे. लक्ष द्यावयाचें तर कोणाकडे हें कळलें पाहिजे, आणि तें डोळ्यांनीं लवकर कळतें. नभोवाणीवर हा सोयीचा मार्ग बंद असतो. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणीचें केंद्र उघडलें तेव्हांपासून येथील वक्त्याला तोंड नाहीं. त्याला सगळी भिस्त ठेक्यावर ठेवावी लागते. आज मी शक्य तों सावकाश बोलत आहें, तें त्यामुळेंच.

गेल्या ज्येष्ठांत तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत मुक्कामास आली, तेव्हां आम्ही दोघे तेथें गेलों होतों. दिंड्यांचा कल्लोळ इतका, कीं शेजारच्याचें बोलणें मलाही कळेना. त्यांच्या कानांतलें यंत्र त्यांनीं काढून खिशांत ठेवलें होतें. टाळांच्या नादांत तें नुसतें किंचाळतें, म्हणाले. एका दिंडीनें अभंग धरला. मीं सहज त्यांच्याकडे पाहिलें. टाळांकडे डोळे लावून ते उभे होते, आणि त्यांचे ओठ दिंडीच्या बरोबर हलत होते. चरण संपतांना चार अक्षरांवर मिटत होते, आणि पुढच्या सहांवर पुन्हां उघडत होते.